मोठ्यांची पोहण्याची बॅच, नागपूर: कोचला पाच स्टार, चेंजिंग रूमला दीड

मोठ्या माणसांसाठी पोहण्याचा क्लास शोधून राहिले असाल तर हे पूर्ण वाचा, लांब आहे पण फी भरायच्या आधी कामात येईल. नागपुरात मार्च संपत आला की प्रत्येक पूलच्या गेटवर "पंधरा दिवसात पोहायला शिका" असे बॅनर लागतात आणि मग बहुतेक ठिकाणी काय होतं तर मोठ्यांना पण पोट्ट्यांच्याच बॅचमध्ये सोडून देतात, कोच काठावर खुर्ची टाकून बसतो, मधून मधून शिट्टी वाजवून "पाय मारा, पाय मारा" म्हणतो आणि परत मोबाईलमध्ये डोकं घालतो. मी गेले ती बॅच वर्धा रोडकडच्या एका कॉलनीतल्या पूलवर चालते, सकाळी साडेसहाची, फक्त मोठ्यांची आणि फक्त ज्यांना काहीच येत नाही अशांची. नाव इथं टाकत नाही कारण खाली पूलबद्दल तक्रारी पण आहेत, ज्यांना पाहिजे त्यांनी मेसेज करा, सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पॅरालिसिसच्या पेशंटला परत चालायला लावणं, गुडघा बदललेल्या काकांना जिना चढायला शिकवणं हेच रोजचं काम, त्यामुळे कोणी कोणाला हालचाल शिकवत असलं की माझं लक्ष आपोआप शिकवणाऱ्याकडेच जातं. स्वतःला मात्र पोहता येत नव्हतं. गावाकडे भावांना पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं होतं, पोरींना कोण ढकलतं. तर रिव्ह्यू त्या नजरेतूनच आहे, टाइल्स किती चकाचक आहेत यापेक्षा तिथं शरीर शिकतं कसं हे मी जास्त पाहिलं.

पहिले बरेच दिवस कोच सरांनी हात मारणं, पाय मारणं काहीच शिकवलं नाही. बॅचमधले एक बँकवाले भाऊ तर वैतागले, म्हणे पैसे काय पाण्यात बुडबुडे सोडायचे दिले का. कंबरभर पाण्यात उभं राहायचं, तोंड पाण्यात घालून हळूहळू श्वास सोडायचा, मग गुडघे पोटाशी घेऊन तरंगायचं, मग भिंतीला पाय लावून स्वतःला ढकलायचं आणि काहीच न करता जिथंवर जाल तिथंवर जायचं. इतकंच. पण हे बरोबर आहे हो. नवशिक्याला पाण्यात श्वास कमी पडतो असं वाटतं ना, ते बरेचदा हवा आत घेतली नाही म्हणून नसतं, आतली बाहेर सोडली नाही म्हणून असतं, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि जीव घाबरा होतो. आणि पाय बुडतात ते पण आपल्या कमजोरीने नाही. फुफ्फुसात हवा असल्यामुळे पाणी आपल्याला छातीकडे जास्त उचलतं आणि शरीराचं वजन कमरेच्या आसपास मध्यावर असतं, दोन्हीची जागा वेगळी, म्हणून पाय खाली फिरतात. डोकं वर काढलं की अजूनच खाली. सरांनी यातलं एक वाक्य पण सांगितलं नाही, फक्त म्हणाले, "ताई, डोकं पाण्यात टाका अन पाहा पायाचं काय होते ते." टाकलं. पाय वर आले. मला तर सगळी थिअरी पाठ होती तरी अंगाला कळलं ते तेव्हाच.

आता मेन गोष्ट, ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहून राहिले.

पहिल्यांदा हात मारायला सांगितलं तेव्हा आम्ही सगळेच घोड्यावर बसवलेल्या नवरदेवासारखे ताठ. मान कडक, कोपर कडक, गुडघे कडक, घोटे तर विचारूच नका. बाकीच्या क्लासमध्ये इथं ओरडा पडतो, "बॉडी लूज सोडा, लूज सोडा". अरे बाप्पा, लूज सोडता आली असती तर फी कशाला भरली असती! हे ताठ होणं बिनकामाचं नसतं. निकोलाय बर्नस्टाइन म्हणून एक सोव्हिएत शास्त्रज्ञ होऊन गेला, १९२० च्या दशकात मॉस्कोमध्ये कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करायचा, छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या माणसांच्या हातावर छोटे छोटे दिवे लावून फोटो काढायचा आणि त्यावरून कोणता सांधा कुठून कुठं गेला ते मोजायचा. त्याचा प्रश्न साधा होता. एका हातात खांदा तीन तऱ्हेने फिरतो, कोपर एका तऱ्हेने, कोपराखालचा हात पालथा-उताणा होतो ती एक आणि मनगट दोन, म्हणजे सात झाले, मग दोन हात, दोन पाय, मान, पाठ, आणि त्या प्रत्येकावर कितीतरी स्नायू, हे सगळं डोकं एकाच वेळी सांभाळतं कसं? त्याचं म्हणणं असं की नवीन माणूस सुरुवातीला बरेचसे सांधे लॉकच करून टाकतो, म्हणजे सांभाळायला कमी राहतात. मग जमायला लागलं की एक एक मोकळा करतो. आणि एकदम पटाईत झाला की पाण्याचं ढकलणं, हाताचं वजन, स्वतःच्याच हालचालीतून येणारा झोका हे पण वापरून घेतो, त्याच्याशी भांडत नाही.

नेदरलँड्समध्ये व्हेरेइकन नावाची संशोधक आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे मोजून दाखवलं, बर्फावरच्या स्कीसारखं डावी-उजवीकडे सरकणारं मशीन घेऊन. नवीन माणसांचे घोटे, गुडघे, कंबर सुरुवातीला जवळपास गोठलेले, सराव होत गेला तसे मोकळे झाले. सगळ्याच कामात हाच क्रम असतो असं नाही बरं का, काही कामात उलटं पण दिसलंय. पण पाण्यात मला तरी आमच्या बॅचमध्ये अगदी असंच दिसलं. आणि ताठपणात अजून एक खर्च असतो, सांध्याच्या दोन्ही बाजूचे स्नायू एकाच वेळी आवळलेले असतात, एक ओढतो दुसरा अडवतो, म्हणून नवशिक्या अर्ध्या पूलमध्येच दमतो. लोकांना वाटतं स्टॅमिना नाही. स्टॅमिना असतो हो, तो आपल्याच अंगाशी कुस्ती खेळण्यात जातो.

सरांची कमाल ही की ते ताठपणाला हात लावत नाहीत, काम बदलतात. माझे घोटे कडक होते तर मला म्हणाले, "पाय कडक काऊन करून राहिल्या ताई? बरं राहू द्या. आता पाठीवर व्हा अन पायानं पाणी वर उडवा, समोरच्या काकूच्या अंगावर गेलं पाहिजे." मी उडवत बसले, काकू ओरडत बसल्या, आणि थोड्या वेळाने घोटा आपोआप सैल झाला होता कारण घोटा कडक ठेवून पाणी तसं उडतच नाही. "घोटा सैल करा" हे वाक्य त्यांनी उच्चारलंच नाही. माझ्या धंद्यात हे करायला आम्ही वर्षानुवर्षं शिकतो आणि तरी पेशंटसमोर तोंडातून "गुडघा वाकवा" निघूनच जातं.

ब्रेस्टस्ट्रोकचा आठवडा तर मी कोणालाही तिकीट काढून दाखवला असता. आधी घरी बसल्या बसल्या एक करून पाहा. दोन्ही हातांची पहिली बोटं समोर धरा आणि दोन्ही एकाच बाजूला हलवा, दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे. आता वेग वाढवत न्या, वाढवत न्या. एका वेगानंतर बोटं तुमचं ऐकणं बंद करतात आणि दोन्ही आत, दोन्ही बाहेर अशी हलायला लागतात. स्कॉट केल्सो नावाच्या शास्त्रज्ञाने हे १९८० च्या दशकात प्रयोगात दाखवलं आणि १९८५ मध्ये हाकेन, केल्सो आणि बुंझ यांनी त्याचं गणित पण मांडलं. मतलब असा की शरीराला हालचालींच्या काही जोड्या फुकटात मिळालेल्या असतात, आणि वेग वाढला की किंवा घाबरलं की माणूस त्याच जोडीत जाऊन पडतो. नवीन काही शिकायचं म्हणजे कोऱ्या पाटीवर लिहिणं नाही, आधीपासून जे बसलेलं आहे त्याच्याशी थोडी मारामारी करावी लागते.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये नवशिक्याचं हेच होतं आणि पोहण्यावर संशोधन करणाऱ्यांनी ते नीट नोंदवलेलं आहे: हात आणि पाय सोबतच वाकतात आणि सोबतच सरळ होतात. त्यामुळे हात पाणी मागं ढकलत असतात ठीक तेव्हाच पाय पोटाकडे येत असतात, हातांनी जे कमावलं ते पायांनी घालवलं, आणि माणूस जागच्या जागी वरखाली होत राहतो. आमच्या बॅचमधले एक नगरपालिकेतून रिटायर झालेले काका पूर्ण ताकद लावून तसेच करून राहिले होते आणि काठ काही जवळ येईना. खरं तर हात ओढताना पाय मागं सरळ पाहिजेत, आणि पायाचा झटका बसतो तेव्हा हात समोर लांब जायला पाहिजेत, मग थोडं तसंच घसरत जायचं. हे ऐकायला सोपं आहे, करायला नाही, कारण अंगाला ती सोबतवाली जोडी आवडते.

मला वाटलं आता सर काठावर झोपवून कवायत करून घेतील, एक दो तीन. त्यांनी फक्त काय केलं तर म्हणाले, झटका मारला की हात समोर सरळ ठेवायचे अन मनात तीन मोजायचे, तोवर काही म्हणजे काही करायचं नाही. बस. त्या तीन मोजण्यात हात आणि पाय एकमेकांपासून सुटले. कारण थांबायचं म्हटलं की शरीर लांब होऊन थांबतं, आणि तिथून सुरुवात करताना हात आधी निघतात. काका पहिल्यांदा असे घसरत पुढं गेले तेव्हा स्वतःच थांबून मागं वळून पाहू लागले की कोणी ढकललं का. सगळ्यांना एकाच दिवशी नाही जमलं, कोणाला लवकर, कोणाला लय उशिरा, आणि एक दिवस जमलेलं दुसऱ्या दिवशी गायब पण झालं, ते नॉर्मल आहे, जुनी जोडी सुटून नवी बसायच्या मधल्या काळात हालचाल अशीच डळमळते.

बोलण्याची पद्धत पण नोंद करण्यासारखी. सर "हात मागं ओढा" म्हणत नाहीत, "पाण्याले मागं ढकला" म्हणतात. ऐकायला एकच वाटतं, पण लक्ष स्वतःच्या हाताकडे जाणं आणि हाताने जे होतंय त्याच्याकडे जाणं यात फरक पडतो. गॅब्रिएल वुल्फ नावाच्या संशोधक बाईने १९९८ पासून यावर बरंच काम केलंय, आणि २०११ मध्ये तर पोहणाऱ्यांवरच अगदी हेच दोन वाक्य घेऊन तपासलं, सराव असलेले जलतरणपटू "हात मागं ओढा"वर लक्ष ठेवून पोहले तर हळू पोहले, "पाणी मागं ढकला"वर ठेवून पोहले तर त्यापेक्षा जोरात. आमच्या सरांनी हे वाचलं असेल असं मला वाटत नाही, भंडाऱ्याकडचा माणूस, तलावात पोहूनच मोठा झालाय. पण इतक्या वर्षांत काय बोललं की काय होतं हे त्यांनी कानाने पकडलंय.

आणि ते गप्प राहतात! हे मला सगळ्यात जास्त आवडलं आणि बॅचमधल्या अर्ध्या लोकांना सगळ्यात जास्त खटकलं. एक लॅप झाला की लगेच "कसं झालं सर?" विचारलं तर म्हणतात, "तुम्हाले कसं वाटलं?" आणि पुढच्या लॅपला पाठवून देतात. लोक म्हणतात सर लक्ष देत नाहीत. देतात हो, सगळं पाहत असतात, दोन-तीन लॅपनंतर एकच गोष्ट सांगतात. १९९० मध्ये विन्स्टीन आणि श्मिट यांनी दाखवलं होतं की प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगण्यापेक्षा निम्म्या वेळाच सांगितला तर नंतरच्या परीक्षेत माणसं जास्त चांगलं करतात, कारण मध्ये त्यांना स्वतःचं अंग वाचावं लागतं. तसंच दुसरं, एकाच तासात थोडं फ्रीस्टाइल, थोडं पाठीवर, थोडं ब्रेस्टस्ट्रोक असं मिसळून देतात. लोकांना वाटतं काहीच धड होऊन नाही राहिलं. शी आणि मॉर्गनचा १९७९ चा प्रयोग आहे, एकच प्रकार सलग करणारे सरावात पुढं दिसले, पण नंतर तपासलं तर मिसळून करणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. माझं मत विचाराल तर एकदम पहिल्या दिवसापासून मिसळणं जड जातं, घाबरलेल्या माणसाला आधी एक तरी गोष्ट हातात लागली पाहिजे, आणि सर तेच करतात, तरंगणं पक्कं होईपर्यंत काहीच मिसळत नाहीत.

काकूंबद्दल थोडं लिहिते. शेजारच्या आहेत, साठीच्या पुढच्या, गुडघ्याचा त्रास, मीच पकडून नेलं. जमिनीवर त्यांना एका पायावर उभं करायचं म्हटलं तर दोन माणसं लागतात, पाण्यात त्या पहिल्याच आठवड्यात मस्त चालून राहिल्या होत्या, मागं, पुढं, आडव्या. यावर बाळांच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या एस्थर थेलनचं काम फार सुंदर आहे. नवजात बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकल्यासारखं करतं, आणि काही महिन्यांत ते बंद होतं. आधी सगळे म्हणायचे मेंदू मोठा झाला, त्याने ते दाबलं. थेलनने १९८४ मध्ये लहान बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरलं, आणि पावलं वाढली. पावलं गेलीच नव्हती, पायांवर चरबी वाढली होती आणि तेवढी ताकद आलेली नव्हती, इतकंच. म्हणजे हालचाल फक्त डोक्यात साठवलेली नसते, अंगाचं वजन, आजूबाजूचं पाणी किंवा जमीन आणि समोरचं काम हे मिळून ती तयार होते. मी हे काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पायाले चरबी आहे म्हणतेस का?" सोडा.

नाकातोंडात पाणी जाऊन लाजणाऱ्यांसाठी पण एक सांगते, कारण लाजेनेच लोक दुसऱ्या आठवड्यात यायचं बंद करतात. कॅरन अडॉल्फ नावाच्या संशोधक बाईच्या टीमने २०१२ मध्ये मोजलं होतं, नुकतंच चालायला लागलेलं १२ ते १९ महिन्यांचं बाळ खेळताना तासाला सरासरी २३६८ पावलं टाकतं आणि १७ वेळा पडतं. तासाला! आपण तासातून चार वेळा ठसका लागला की म्हणतो माझ्याच्याने नाही होत.

आता तक्रारी. असिस्टंट कोच. पोरगा चांगला आहे, पोहतो पण झकास, पण शिकवायला आला की एका लॅपमध्ये सहा सूचना, कोपर वर, मान खाली, बोटं जोडा, कंबर फिरवा, गुडघा नको, श्वास घ्या. फिट्स आणि पोस्नर यांनी १९६७ मध्ये शिकण्याचे तीन टप्पे सांगितले होते, पहिल्या टप्प्यात माणूस प्रत्येक गोष्ट डोक्याने विचार करून करतो, मग चुका कमी होत जातात आणि शेवटी हालचाल विचार न करता होते. आमच्यासारखे पहिल्या टप्प्यातले लोक आधीच डोक्याने फुल भरलेले असतात, त्यात अजून सहा गोष्टी टाकल्या की हातही थांबतात आणि श्वासही. त्याच्याकडे गेलेल्या दिवशी मी अक्षरशः मागं गेल्यासारखी पोहत होते.

लेडीज चेंजिंग रूमची कडी नीट लागत नाही, शॉवर दोन आहेत त्यातला एकच चालतो, लॉकर आहेत पण किल्ल्या कोणाकडे आहेत हे देवाला माहीत. क्लोरीन कधी कधी इतकं की डोळे संध्याकाळपर्यंत लाल, गॉगलशिवाय जाऊच नका. पूल कुठं किती खोल आहे ते आकडे काठावर पुसट झालेत, नवीन माणसांच्या बॅचला हे चालत नाही, दोनदा सांगून पण रंगवले नाहीत. लाइफगार्ड मात्र पूर्ण वेळ असतो आणि जागा असतो, हे लिहिणं जरूरी आहे. मे महिन्यात, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या सुमारास बॅच जवळपास दुप्पट भरतात, तेव्हा एका लेनमध्ये इतके लोक असतात की तीन मोजून घसरायला जागाच राहत नाही, समोरच्याच्या पायावर डोकं आपटतं, आणि मग सगळं शिकलेलं परत हातपाय झाडण्यावर येतं. ऑफिसला सांगितलं तर म्हणे सीझन आहे मॅडम. फी महिन्याची एकदम घेतात, सुट्टी पडली तर ते दिवस पुढं सरकवून देत नाहीत, आणि आजूबाजूच्या पूलपेक्षा महाग आहे.

तरी मी परत पैसे भरलेत, काकूंचे पण. मला आता फ्रीस्टाइलमध्ये श्वास उजवीकडून घेता येतो, डावीकडून अजून नाही, डावीकडे मान वळवली की उजवा हात समोर थांबायच्या जागी खाली पडतो, ती जोडी सुटायची बाकी आहे. सरांना विचारलं तर म्हणाले सुटते, घाई कायची आहे.

जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच नाव टाका, तेव्हा पाणी गार असतं पण लेन रिकामी मिळते. एप्रिलच्या शेवटी फोन केला तर वेटिंग सांगतात आणि मग मेच्या गर्दीत टाकतात. साधे चांगले गॉगल सीताबर्डीवरून घ्या, पूलवरच्या काउंटरवर तेच जास्त पैशात देतात. आणि सर सोमवारी येत नाहीत, त्या दिवशी पूर्ण बॅच असिस्टंटकडे असते, तर सोमवारी सरळ कस्तुरचंद पार्ककडे जाऊन तर्री पोहा खा.